नाव कोणी सुचवायचे?

(संस्थेच्या वार्षिक बक्षीस समारंभात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



बक्षीस समारंभाला आलेल्या वक्त्याने विद्यार्थ्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, पालकांना दोन सांगाव्यात आणि चहा घेऊन निघावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी काही पाहुणा नाही. आयुष्यभर जिल्हा न्यायालयात वकिली केली आणि गेली कित्येक वर्षे या संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीवर आहे. त्यामुळे आज मी जो विषय घेतला आहे तो वरवर दूरदेशीचा वाटला, तरी त्याचा हिशेब घरचाच आहे. विषय असा की, राष्ट्राराष्ट्रांतील तंटे आणि मानवजातीविरुद्धचे गुन्हे ज्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांपुढे येतात, त्यांच्या न्यायासनावर स्त्रिया किती बसल्या, आणि इतक्या कमी का बसल्या?

नेदरलँड्स देशात हेग नावाचे शहर आहे. तेथे १९१३ साली बांधून पूर्ण झालेला ‘शांतता महाल’ आहे. याच इमारतीत आंतरराष्ट्रीय न्यायालय भरते. संयुक्त राष्ट्रसंघाचे हे प्रमुख न्यायालय १९४६ मध्ये सुरू झाले. त्याआधी १९२२ पासून राष्ट्रसंघाच्या काळातले न्यायालय तेथेच काम करीत होते. न्यायाधीश पंधरा, मुदत नऊ वर्षांची. निवडणूक आमसभा आणि सुरक्षा परिषद अशा दोन्ही ठिकाणी होते आणि दोन्हीकडे बहुमत मिळाले तरच माणूस निवडून येतो.

आता आकडे ऐका. १९२२ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे त्र्याहत्तर वर्षे, या दोन्ही न्यायालयांत कायम न्यायाधीश म्हणून एकही स्त्री निवडून आली नाही. १९९५ साली इंग्लंडच्या रोझलिन हिगिन्स पहिल्यांदा निवडून आल्या. २००६ ते २००९ या काळात त्या न्यायालयाच्या अध्यक्षही झाल्या. दुसरी स्त्री यायला २०१० साल उजाडले. त्या वर्षी चीनच्या श्वे हानछिन आणि अमेरिकेच्या जोन डॉनह्यू आल्या. २०१२ मध्ये युगांडाच्या ज्युलिया सेबुटिंडे आल्या, आफ्रिका खंडातून आलेली ही पहिली स्त्री. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हिलरी चार्ल्सवर्थ आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सारा क्लीव्हलँड निवडून आल्या. म्हणजे न्यायालय सुरू झाल्यापासून २०२३ च्या निवडणुकीपर्यंत एकूण सहा स्त्रिया. त्यांत भारतीय एकही नाही, मुस्लिम एकही नाही. भारतातून तोपर्यंत चार जण त्या आसनावर बसले: बेनेगल नरसिंह राव, नगेंद्र सिंग, रघुनंदन स्वरूप पाठक आणि दलवीर भंडारी. चौघेही पुरुष.

तुम्ही म्हणाल, कायद्याची आडकाठी असेल. नव्हती. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत आठवे कलम आहे. संघाच्या कोणत्याही अंगात कोणत्याही पदावर काम करण्यास पुरुष आणि स्त्रिया दोघेही सारखेच पात्र आहेत, असा त्याचा आशय आहे. न्यायालय हे संघाच्या प्रमुख अंगांपैकी एक. तेव्हा दार कायद्याने उघडेच होते. इतकेच काय, न्यायालयाच्या संविधीत एक चांगली गोष्ट आवर्जून लिहिली आहे. न्यायासनावर जगातील प्रमुख संस्कृतींचे आणि प्रमुख कायदेपद्धतींचे प्रतिनिधित्व असावे, असे तिचे नववे कलम सांगते. लिहिणारांना संस्कृती आठवल्या, कायदेपद्धती आठवल्या. प्रत्येक संस्कृतीतली निम्मी माणसे मात्र आठवली नाहीत.

मग अडले कोठे? अडले ते नाव सुचवण्यापाशी. या निवडणुकीला कोणी आपण होऊन उभे राहू शकत नाही. प्रत्येक देशात कायदेपंडितांचा एक छोटा गट असतो. तो गट नावे पाठवतो, जास्तीत जास्त चार, आणि त्यांत आपल्या देशाची दोनच. ज्यांनी नावे पाठवायची ते बहुतेक पुरुष. त्यांचे सहाध्यायी, सहकारी, मित्र पुरुष. डोळ्यांपुढे येणारे पहिले नाव पुरुषाचे, दुसरेही पुरुषाचेच. आमसभेत मत देणाऱ्यांच्या हाती जी यादी पडली, तिच्यातून त्यांनी निवड केली. स्त्रीला कोणी हरवले नाही, कारण तिचे नाव यादीपर्यंत पोचलेच नव्हते.

हमबुर्ग येथील सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाची कथाही वेगळी नाही. तेथे एकवीस न्यायाधीश असतात आणि काम १९९६ मध्ये सुरू झाले. पहिली स्त्री, अर्जेंटिनाच्या एल्सा केली, २०११ साली आल्या. २०१७ मध्ये आपल्या भारताच्या नीरू चढ्ढा तेथे निवडून आल्या, हे मुद्दाम सांगतो. भारत सरकारने एका स्त्रीचे नाव सुचवले आणि जगाने तिला मते दिली. नाव सुचवले असते तर आधीही मते मिळाली असती की नाही, याचा विचार तुम्हीच करा.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९९८ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला. त्यात न्यायाधीश निवडताना स्त्री आणि पुरुष यांचे न्याय्य प्रतिनिधित्व ध्यानात घ्यावे, असे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले, आणि मतदानाचे नियमही त्याप्रमाणे केले गेले. २००३ मध्ये पहिली निवडणूक झाली. अठरांपैकी सात स्त्रिया निवडून आल्या. त्या सातांत माली या मुस्लिमबहुल देशाच्या फातुमाता देंबेले दियारा होत्या. पुढे त्या न्यायालयाच्या उपाध्यक्ष झाल्या. त्या वेळी शांतता महालातल्या न्यायालयात पंधरांपैकी एकच स्त्री होती. शहर तेच, वर्ष तेच. लायक स्त्रिया जगात एकाएकी उगवल्या नव्हत्या. फरक पडला तो नियमाने.

युरोपातील मानवी हक्क न्यायालयाने तर आणखी सोपी युक्ती केली. तेथे प्रत्येक देश तीन नावांची यादी देतो. २००४ मध्ये तेथील संसदीय सभेने ठरवले की तिन्ही नावे पुरुषांची असतील तर अशी यादी विचारात घेणार नाही. पुढे काही अपवाद मान्य झाले, पण मूळ गोष्ट राहिली. निवड कोणाची करायची हे सभेने सांगितले नाही. यादीत एक तरी नाव स्त्रीचे असावे, एवढेच सांगितले.

येथे एखादा पालक मनात म्हणत असेल, की न्यायाधीश स्त्री असो वा पुरुष, कायदा तोच. मग फरक काय पडतो? प्रश्न रास्त आहे. त्याला मी एका खटल्याने उत्तर देतो.

१९९४ साली आफ्रिकेतील र्‍वांडा देशात काही महिन्यांत लाखो तुत्सी लोकांची कत्तल झाली. त्या गुन्ह्यांसाठी टांझानियातील अरुशा येथे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसले. झाँ-पॉल अकायेसु नावाचा एका गावगाड्याचा प्रमुख आरोपी होता. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर एक स्त्री होती, नवी पिल्लै. न्यायाधिकरणाच्या सुरुवातीच्या काळात तेथे असलेल्या त्या एकमेव स्त्री न्यायाधीश. मूळ आरोपपत्रात खून होते, पण बलात्काराचा आरोप नव्हता. साक्ष देता देता एका स्त्रीच्या तोंडून ती गोष्ट निघाली. असे शब्द न्यायालयात अनेकदा निघतात आणि विषयाला सोडून आहेत म्हणून तसेच हवेत विरतात. येथे तसे झाले नाही. न्यायासनाने पुढे विचारले, ऐकून घेतले. आणखी साक्षी आल्या आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र सुधारण्यात आले. २ सप्टेंबर १९९८ रोजी निकाल लागला. एखादा समाज नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहाराचाच भाग ठरू शकतो, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच म्हटले. कायदा तोच होता, साक्षीदार स्त्रियाही त्याच होत्या. पण त्यांना विचारणारे कोणी तरी समोर बसलेले होते. मी वकील म्हणून सांगतो, बाई न्यायालयात गप्प राहिली म्हणजे तिच्याकडे सांगण्यासारखे काही नसते असे नाही. पुष्कळदा तिला कोणी विचारलेलेच नसते.

मात्र गैरसमज नको. न्यायाधीश स्त्री असली म्हणजे ती स्त्रियांच्या बाजूने, किंवा आपल्या मनासारखा निकाल देईल, असे मुळीच नाही. २६ जानेवारी २०२४ चा दिवस आठवा. गाझाच्या प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेने इस्राएलविरुद्ध आणलेल्या दाव्यात न्यायालयाने तातडीचे आदेश दिले. आपल्यातले कित्येक जण तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसून होते. आदेश वाचून दाखवणाऱ्या अध्यक्ष जोन डॉनह्यू होत्या. त्या, श्वे हानछिन आणि चार्ल्सवर्थ यांनी आदेशांच्या बाजूने मत दिले. सेबुटिंडे यांनी सगळ्याच्या सगळ्या आदेशांच्या विरुद्ध मत दिले. चार स्त्रिया, आणि मते दोन बाजूंना. याचे आपल्याला वाईट वाटले असेल, पण यातला धडा पाहा. स्त्रीला न्यायासनावर बसवायचे ते ती कोमल मनाची म्हणून नव्हे, की ती आपले ऐकेल म्हणूनही नव्हे. पुरुष जसा स्वतःच्या बुद्धीने न्याय करतो, चुकतो, बरोबर ठरतो, तसाच तिलाही तो अधिकार आहे म्हणून.

दुसरी शंका दीनाची. बाईने काझी व्हावे काय, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. मी आलिम नाही. पण एवढे ठाऊक आहे, की जुन्या फुकहांमध्ये या प्रश्नावर एकमत नव्हते. बहुसंख्यांचे मत विरुद्ध होते हे खरे. तरी ज्या बाबींत स्त्रीची साक्ष मान्य आहे त्या बाबींत ती न्यायदानही करू शकते, असे हनफी मत आहे. आणि इमाम तबरींच्या नावाने तर सर्व बाबींत तिला मुभा असल्याचे मत सांगितले जाते. ही माणसे हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत आल्या आणि मोठमोठे सहाबी त्यांना मसले विचारीत असत, हे आपण वाजमध्ये अभिमानाने ऐकतो. तो अभिमान घरी जाताना मशिदीच्या पायरीवर ठेवून जायचा नसतो. आजच्या मुस्लिम देशांकडे पाहिले तर जॉर्डनमध्ये १९९६ साली तघरीद हिकमत पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या, आणि पुढे त्याच अरुशाच्या न्यायाधिकरणावर त्या न्यायाधीश म्हणून बसल्या. १९८५ मध्ये ट्युनिसियाने लिबियाशी चाललेल्या दाव्यात हेग येथे आपल्या वतीने तात्पुरत्या न्यायाधीश म्हणून सुझान बास्तिद या फ्रेंच विदुषीचे नाव दिले. त्या न्यायालयात कोणत्याही नात्याने न्यायाधीश म्हणून बसलेली ती पहिली स्त्री, आणि तिचे नाव सुचवणारा देश मुस्लिम होता. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आणि आपल्या देशाचे काय? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश १९८९ साली झाल्या. त्यांचे नाव फातिमा बीवी. केरळातील पत्तनंतिट्टा गावच्या, १९२७ च्या जन्माच्या. वडील नोंदणी खात्यात सरकारी नोकर. मुलीने कायदा शिकावा ही कल्पना त्या वडिलांची. १९५० मध्ये बार कौन्सिलच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या, १९५८ मध्ये मुन्सिफ झाल्या, पायरी पायरीने वर गेल्या. आणखी एक नाव घेतो. बडोद्याच्या अब्बास तय्यबजींची कन्या बेगम शरीफा हमीद अली. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा स्त्रियांच्या दर्जाविषयीचा आयोग प्रथम बसला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी त्या होत्या. आपल्या कौमेच्या बाया मागे राहिल्या असे जे म्हणतात, त्यांना ही नावे सांगा. पण सांगताना स्वतःलाही विचारा, की यांच्यानंतर किती?

आता घरच्या हिशेबाकडे येतो.

नवी पिल्लै यांचे मी वर नाव घेतले. त्या दक्षिण आफ्रिकेतील डरबनच्या, तमिळ घराण्यातल्या. वडील बस चालवीत. वर्णभेदाचे राज्य, घरात पैसा नाही. तेथील हिंदी लोकांनी वर्गणी जमवून या मुलीला विद्यापीठात पाठवले. १९६७ मध्ये नाताळ प्रांतात स्वतःची वकिली सुरू करणारी ती पहिली गोरेतर स्त्री ठरली. मग अरुशा, मग हेगचे फौजदारी न्यायालय, आणि २००८ ते २०१४ संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क उच्चायुक्त. ज्यांनी तेव्हा खिशातून वर्गणी काढून दिली, त्यांपैकी कोणी र्‍वांडाचे नाव तरी ऐकले असेल काय? त्यांनी एका बसचालकाच्या हुशार मुलीचे नाव सुचवले, एवढेच.

आपली संस्थाही वर्गणीवर उभी आहे. येथे मला आमच्या समितीचा कबुलीजबाब द्यायचा आहे. वकिलीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे दरवर्षी अर्ज येतात. ते बहुतेक मुलांचे असतात. मुलींचे का नाहीत, असे कोणी विचारले की आम्ही म्हणतो, “आम्ही कोणा मुलीला नकार दिला नाही, अर्जच आले नाहीत.” हे वाक्य मी स्वतः किती तरी वेळा, अगदी समाधानाने, उच्चारले आहे. हेगचा इतिहास वाचताना माझ्या ध्यानात आले, की त्र्याहत्तर वर्षे जगातील सरकारे हेच म्हणत होती. नकार दिला नाही, नावच आले नाही. आज ज्या मुलींनी येथे बक्षिसे घेतली, त्यांची यादी माझ्या हातात आहे. वक्तृत्वाचे पहिले बक्षीस मुलीला, निबंधाचे मुलीला, दहावीत पहिली मुलगी. मग बारावीनंतर या मुली आमच्या अर्जांत का दिसत नाहीत? त्या हरल्या नाहीत. घरात एकाच्याच फीची सोय होती तेव्हा, किंवा स्थळ आले तेव्हा, त्यांचे नाव कोणी काढले नाही. आणि आम्ही समितीवाले टेबलामागे बसून अर्जांची वाट पाहत राहिलो.

म्हणून यंदा समितीपुढे मी एक ठराव मांडणार आहे. आपल्या प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिष्यवृत्तीसाठी नावे पाठवताना यादीत निदान एक नाव मुलीचे पाठवावे. नसेल तर यादी परत जाईल. निवड गुणांवरच होईल. त्यात तसूभर सवलत नको. मुलीही ती मागणार नाहीत. पण नाव यादीत आले पाहिजे. ठरावाला विरोध होईल, हेही मला ठाऊक आहे. तो समितीत होऊ द्या. तुमच्या घरात होऊ देऊ नका.

पालकहो, तुमच्याकडे माझी मागणी लहान आहे. पुढल्या वर्षी शाळेतून फॉर्म घरी येईल, तेव्हा त्यावर सही करण्यापूर्वी घरातल्या सगळ्या मुलांची नावे एका कागदावर लिहा आणि नंतरच विचार करा. ज्याचे नाव कागदावरच नाही, त्याचा विचार होत नाही, मग ते घर असो की आमसभा.

मुलींनो, तुम्हाला एवढेच सांगतो. बारावीनंतर कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यातून तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापर्यंत वाट जाते, आणि तिथून पुढेही जाते. नाव सुचवणारे कोणी भेटले तर अल्लाहचे शुक्र माना. नाही भेटले तर वाट पाहू नका. समितीच्या टेबलाशी येऊन अर्ज मागा. मी तेथेच बसलेला असेन. आणि उद्या तुम्ही खुर्चीवर बसाल, यादी तुमच्या हाती येईल, तेव्हा बाहेर कोण उभे आहे ते आधी पाहा.

अल्लाह आपल्या सर्वांना इन्साफ करण्याची तौफीक देवो. आमीन.

खुदा हाफिज.